रूळ रेल्वेचा, सातबारा शेतकऱ्याचा : दुहेरीकरणात अडकलेल्या सव्वा किलोमीटरचे प्रकरण

पुणे–मिरज मार्गाचे दुहेरीकरण सुरू असताना सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव–कराड पट्ट्यातील एका कृष्णाकाठच्या गावात काम थांबले. अलीकडच्या आणि पलीकडच्या शिवारात भराव उभा राहिला, रुळाखालच्या मोऱ्या लांबवून झाल्या, आणि मध्ये सव्वा किलोमीटरचा तुकडा उसातच राहिला. गावाचे नाव, गट क्रमांक आणि माणसांची नावे येथे गाळली आहेत; ओळख पटू नये म्हणून लांबी आणि क्षेत्राचे आकडे ढोबळ केले आहेत.

पार्श्वभूमी

सदर्न मराठा रेल्वे कंपनीने पुण्याहून मिरज-बेळगावमार्गे लोंढ्यापर्यंत मीटरगेज मार्ग नेला. १८९० पर्यंत तो जोडून झाला होता. १८९१ मध्ये कोल्हापूर संस्थानाचा मिरज–कोल्हापूर फाटा सुरू झाला. १९०८ मध्ये कंपनीचे नाव मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाले. १९५१ मध्ये मार्ग दक्षिण रेल्वेत गेला, १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेत, आणि आता तो मध्य रेल्वेच्या पुणे विभागात आहे. प्रवाशाला या नावांशी देणेघेणे नसते. पण प्रत्येक बदलाबरोबर जमिनीचे दप्तर एका शहरातून दुसऱ्या शहरात हलले, आणि असे हलताना कागद गळतात.

महसुली बाजूलाही असेच झाले. १९४९ मध्ये जुन्या साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले; दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. औंध, सांगली, मिरज या संस्थानांची गावे विलीन झाली तेव्हा त्यांची दप्तरे वेगळ्या पद्धतीची होती.

या प्रकरणाचे मूळ मात्र रुंदीकरणात आहे. पुणे–मिरज मार्ग मीटरगेजचा ब्रॉडगेज करण्याचे काम १९६० च्या दशकात हाती घेतले गेले आणि १९७१ च्या सुमारास पूर्ण झाले. रुळांमधले अंतर एक मीटरवरून १.६७६ मीटर झाले, एवढ्यावर ते थांबले नाही. ब्रॉडगेजच्या जड गाड्यांना वळण सौम्य आणि चढ कमी लागतो. म्हणून बऱ्याच ठिकाणी आखणीच नवी केली. मीटरगेजच्या काळात साताऱ्याला उतरायचे तर 'सातारा रोड' स्थानकावर. नव्या आखणीत साताऱ्याचे स्थानक माहुलीजवळ आले. सांगली तेव्हा मिरजेहून निघणाऱ्या छोट्या फाट्यावर होती, ती मुख्य मार्गावर आली. आपल्या गावातही तसेच झाले. जुनी मीटरगेज गावठाणाला लागून जात होती. ब्रॉडगेज तीन-चारशे मीटर पूर्वेला, थेट बागायती शिवारातून नेली.

त्याच सुमारास गावात एकत्रीकरण योजना लागू झाली. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याखालच्या या योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. रेल्वेसाठी जमिनी घेतल्या त्या सर्व्हे नंबरांवर. त्यांची नोंद ओढायची वेळ आली तेव्हा गावात गट सुरू झाले होते. पुढचा सगळा गोंधळ या एका वाक्यात आहे.

अडचण

दुहेरीकरणात दोन रुळांच्या मध्यरेषांत ५.३ मीटर अंतर ठेवतात, आणि दुहेरी मार्गाच्या भरावाचा माथा १३.१६ मीटर रुंद लागतो. या शिवारात भरावाची उंची सुमारे ४ मीटर आहे. २:१ उतार (उंचीच्या दुप्पट आडवे अंतर) धरला, तर दोन्ही बाजूंना ८-८ मीटर उतार जातो. म्हणजे पायथ्यापासून पायथ्यापर्यंत २९ मीटरहून थोडे अधिक. शिवाय कडेचे गटार आणि देखभालीची वाट.

रेल्वेच्या जमीन नकाशावर येथे पट्टा ३८ मीटर रुंद आहे. त्या हिशोबाने एक गुंठाही नव्याने घ्यावा लागत नाही. म्हणून प्रकल्पाच्या जमीन तक्त्यात या गावापुढे 'संपादन निरंक' अशी नोंद झाली आणि त्याच आधारावर ठेकेदाराला काम दिले गेले.

गावाची समजूत वेगळी होती. रेल्वेची जागा म्हणजे उभ्या भरावाच्या पायथ्यापासून पायथ्यापर्यंतची, साधारण २२ मीटर. त्याबाहेर पन्नास वर्षे ऊस उभा आहे, त्यावर सोसायटीचे पीक कर्ज निघते, आणि सातबाऱ्यावर पूर्ण क्षेत्र शेतकऱ्याच्या नावावर आहे. काहींच्या सातबाऱ्यात तर रुळाखालची जमीनही त्यांचीच दिसत होती.

वादाचा पट्टा असा: १६ मीटर रुंद, १२५० मीटर लांब, म्हणजे २ हेक्टर, जवळपास पाच एकर. त्यात ३१ गट येत होते. बागायतदार भागात पाच एकर म्हणजे किरकोळ बाब नव्हे, आणि एकेका घराकडे पाहिले तर त्याहून नाही. रुळालगत ९० मीटर लांबी असलेल्या गटातून १२ मीटर रुंदी गेली, तर १०८० चौरस मीटर म्हणजे पावणेअकरा गुंठे जातात. ज्याची एकूण जमीनच तीस गुंठे, त्याच्या एक तृतीयांशाहून जास्त.

पोकलेनने पहिली सरी मोडली त्या दिवशी गाव रुळाकडेला जमले. 'साहेब, रूळ तुमचा हे कबूल. पण सातबारा आमचा आहे, तो आधी वाचा,' हे तिथले म्हणणे. यंत्रे परत गेली.

विद्युतीकरण मात्र याच शिवारातून विनातक्रार पुढे गेले. खांब भरावाच्या माथ्यावर रोवले जातात. त्याला नवी जमीन लागत नाही. त्यामुळे कागदातली भेग तेव्हा कुणाला दिसली नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय बंदोबस्तात काम रेटण्याचा. कायद्याने तो अगदीच निराधार नव्हता. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात निवाडा (कोणती जमीन घेतली आणि मोबदला किती, याचा आदेश) होऊन ताबा घेतला की जमीन शासनात निहित होते, मग सातबाऱ्यावर नाव कोणाचेही असो. सातबारा हा महसुली अभिलेख. तो एकट्याने मालकी देत नाही आणि काढूनही घेत नाही. पण हा युक्तिवाद करायला निवाडा आणि ताबा पावती हातात हवी. त्या वेळी रेल्वेकडे फक्त नकाशा होता. शिवाय २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेशातील एका वृद्ध महिलेच्या बाबतीत स्पष्ट सांगितले होते की, संपादनाची प्रक्रिया न करता घेतलेल्या जमिनीवर सरकारला प्रतिकूल ताब्याचा, म्हणजे दीर्घकाळच्या ताब्यावरून मालकीचा, हक्क सांगता येणार नाही. ती जमीनही १९६७-६८ मध्येच रस्त्यासाठी घेतलेली होती. असा निकाल समोर असताना कागदाशिवाय पोकलेन घालणे म्हणजे स्थगिती आदेश ओढवून घेणे.

दुसरा, सगळा पट्टा नव्याने संपादित करण्याचा. रेल्वे अधिनियम १९८९ मध्ये २००८ साली घातलेल्या प्रकरण ४-अ मध्ये त्याची वाट आहे: कलम २०-अ ची अधिसूचना, ३० दिवसांत हरकती, मग घोषणा, मग मोबदला निश्चिती. वाट सरळ, पण लांब. आणि ज्या जमिनीचे पैसे १९६० च्या दशकात दिले गेले असतील, तिचे पुन्हा दिले जाणार. लेखापरीक्षणात ते टिकणार नव्हते.

तिसरा अभियंत्यांचा: जमिनीचा वादच टाळायचा, जुन्या पायथ्यालगत संरक्षक भिंत बांधायची. नव्या मार्गामुळे पूर्वेचा पायथा सुमारे ६ मीटर बाहेर सरकतो. ३ मीटर उंचीची भिंत घेतली, तर २:१ उतारातले तेवढेच ६ मीटर वाचतात. हिशोब जुळतो. पण सव्वा किलोमीटर भिंत, तीही काळ्या चिकण मातीवर, म्हणजे पाया खोल, मागे निचऱ्याचे दगड आणि पाणी जायला नळ्या. जमिनीच्या मोबदल्यापेक्षा तो खर्च कितीतरी वर जात होता.

दुसरा मार्ग पूर्वेऐवजी पश्चिमेला टाकावा, असेही गावातून सुचवले गेले. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात दोन्ही टोकांना उलटसुलट वळणे देऊन दोन्ही मार्ग सरकवावे लागतात. वेग कमी होतो, आणि मोऱ्या आधीच पूर्वेकडे लांबवून झाल्या होत्या. ते लगेच बाजूला पडले.

उरला शेवटचा: जुने कागद शोधायचे, संयुक्त मोजणी करायची, आणि गटवार निर्णय घ्यायचा. तो निवडला गेला.

खरा निर्णय कोणता

या प्रकरणात वळण आले ते मोजणीमुळे असे सर्वजण मानतात. आमच्या मते ते त्याआधीच, ग्रामपंचायतीत झालेल्या बैठकीत आले. प्रांताधिकारी, भूमी अभिलेखचे उपअधीक्षक, रेल्वेच्या बांधकाम शाखेचे अभियंते आणि बाधित खातेदार यांच्यात तेथे एक कसोटी ठरली आणि ती इतिवृत्तात लिहून सह्या झाल्या. ज्या सर्व्हे नंबरचा निवाडा आणि ताबा पावती दोन्ही सापडतील, तो भाग रेल्वेचा, आणि सातबारा त्याप्रमाणे दुरुस्त होईल. जिथे दोन्हीपैकी काहीच सापडणार नाही, तिथे जमीन शेतकऱ्याची धरून आजच्या दराने मोबदला मिळेल. नुसता नकाशा किंवा नुसता सातबारा, कोणाचाच पुरावा म्हणून चालणार नाही.

कोणत्या गटाचे काय निघणार हे त्या दिवशी कोणालाच माहीत नव्हते, म्हणून दोन्ही बाजू कसोटीला तयार झाल्या. कागद सापडल्यावर हीच चर्चा झाली असती, तर ज्याच्या विरुद्ध कागद निघाला त्याने कसोटीवरच वाद घातला असता.

दुसरा लहान निर्णय: काम पूर्ण बंद करायचे की नाही. मोऱ्यांची उरलेली कामे आणि शिवारच्या दोन्ही टोकांचे वाद नसलेले तुकडे चालू ठेवले. ठेकेदाराची यंत्रे एकदा निघून दुसऱ्या ठिकाणी लागली की परत आणायला महिने जातात.

कागदांचा शोध

शोध तीन ठिकाणी घ्यावा लागला आणि प्रत्येक ठिकाणी वेगळी वस्तू मिळते.

रेल्वेकडे जमीन नकाशे असतात. त्यावर पट्ट्याची रुंदी, सर्व्हे नंबर आणि साखळी अंतर (मार्गावरचे ठिकाण दाखवणारे अंतर) असते, पण खातेदाराचे नाव आणि रक्कम नसते. निवाडा मिळतो जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, रुमालात बांधलेल्या दप्तरात. आणि भूमी अभिलेख कार्यालयात मिळतात टिपण (मोजणीची मूळ नोंद), फाळणी नकाशे, गुणाकार पुस्तक, आकारबंद (क्षेत्र आणि आकारणीचा तक्ता) आणि एकत्रीकरणाचे ९(३), ९(४) चे उतारे.

निवाड्याची संचिका पहिल्या फेरीत मिळालीच नाही. गावाच्या नावाने शोधली जात होती. तेव्हाचा निवाडा चार गावांचा मिळून एक होता आणि रुमालावर पहिल्या, म्हणजे शेजारच्या गावाचे नाव होते. वाट सापडली ती रक्कम वाटपाच्या नोंदवहीतून. तिच्यात निवाड्याचा क्रमांक होता. असा शोध घ्यायचा असेल तर आसपासच्या सर्व गावांची नावे आणि राजपत्रातील, भूसंपादन कायद्याच्या कलम ४ व ६ खालच्या अधिसूचनांचे क्रमांक आधी काढून ठेवावेत. गावाच्या नावावर विसंबून अर्ज केला की 'अभिलेख उपलब्ध नाही' असा शेरा हाती पडतो, आणि एकदा तो शेरा पडला की पुढचा कारकून पुन्हा रुमाल सोडत नाही.

निवाडा हाती आल्यावर चूक कुठे झाली तेही उमगले. संपादनानंतर भूमी अभिलेखने कमी-जास्त पत्रक (क.जा.प.) तयार करायचे, त्यावरून तलाठ्याने फेरफार ओढायचा आणि सातबाऱ्यावरचे क्षेत्र कमी करायचे, असा क्रम आहे. येथे क.जा.प. तयार झाले होते, पण सर्व्हे नंबरांवर. ते अंमलात येण्याआधी योजनेचे गट लागले, आणि गट बांधताना धरलेले क्षेत्र जुन्या आकारबंदावरचे, संपूर्ण होते. शेतकऱ्याने काही लपवले नव्हते, रेल्वेनेही काही बळकावले नव्हते. दोन सरकारी कामे एकमेकांना न विचारता एकाच वेळी झाली होती.

अशी चूक तहसीलदाराला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद म्हणून दुरुस्त करता येते का, हा प्रश्न निघाला. क्षेत्रच बदलणार असल्याने तो मार्ग सोडला, आणि तो सोडला हे बरे झाले. १५५ चा वापर करून केलेल्या मोठ्या दुरुस्त्या अपिलात सहसा टिकत नाहीत.

मोजणी

आता सर्वांत नाजूक भाग. मोजणी सुरू कुठून करायची?

रेल्वेचे म्हणणे, रुळाची मध्यरेषा धरा आणि नकाशाप्रमाणे दोन्हीकडे अंतर टाका. ऐकायला बिनचूक, पण रूळ जागचा हलत नाही हा समज चुकीचा आहे. वळणे सुधारताना, रूळ बदलताना, काँक्रीटचे स्लीपर टाकताना रूळ थोडा थोडा सरकवला जातो. पन्नास वर्षांत अर्धा-पाऊण मीटर सरकणे नवलाचे नाही. आणि मध्यरेषा ०.६ मीटर चुकली, तर सव्वा किलोमीटरवर ७५० चौरस मीटर, म्हणजे जवळपास साडेसात गुंठ्यांचा फरक पडतो.

गावाचे म्हणणे, बांधावरून मोजा. बांध तर त्याहून चंचल. ट्रॅक्टर आल्यापासून बांध रुंदीने आणि जागेने दोन्ही बदलतात.

शेवटी तीन प्रकारचे स्थिर बिंदू घेतले. शिवेवरचे तिवडे, म्हणजे तीन गावांच्या हद्दी जिथे मिळतात तिथले दगड. जुन्या सर्व्हेचे गाडलेले दगड, टिपणाशी ताडून जुळले तेवढेच. आणि १९६० च्या दशकातल्या दोन मोऱ्यांचे दगडी पाये. रूळ सरकतो, पण मोरीचा पाया सरकत नाही. आणि रेल्वेच्या नकाशावर मोरीचे साखळी अंतर आणि मध्य दोन्ही दिलेले असतात. रेल्वेचा नकाशा आणि भूमी अभिलेखचा नकाशा जमिनीवर एकत्र आणणारा दुवा हाच होता.

रेल्वेच्या हद्दीला रोवलेले रुळाचे तुकडे, म्हणजे हद्दीचे खुंट, यांचा उपयोग बेताने केला. बरेच नांगरटीत गेले होते. सापडलेल्यांपैकी दोन तर विहिरीच्या कठड्याला लावलेले निघाले.

उपकरण म्हणून रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या आधारे जागा सांगणारे यंत्र, वापरला. रोव्हर बिंदूची जागा काही सेंटिमीटरपर्यंत देतो, त्यामुळे लोकांचा त्यावर चटकन विश्वास बसतो. मात्र जुने टिपण शंकू-साखळीने घेतलेले आणि क्षेत्र एकर-गुंठ्यात. ते हेक्टर-आरमध्ये बदलताना पूर्णांक केलेले. यंत्र कितीही अचूक असले, तरी मूळ नकाशाची अचूकता त्याने वाढत नाही. म्हणून किती फरक मान्य धरायचा हेही मोजणीआधी पंचांसमोर ठरवून घेतले.

क्रम असा ठेवला. लगतच्या सर्व खातेदारांना आगाऊ नोटीस, तीही पुण्या-मुंबईला असलेल्या सहहिस्सेदारांसह. मग स्थिर बिंदूंची पाहणी आणि पंचनामा. त्यानंतर सर्व्हे नंबर–गट नंबर जुळणीचा तक्ता चावडीत लावणे. प्रत्यक्ष मोजणी त्याच्यानंतर. सायंकाळी त्या दिवसाच्या गटांच्या खुणा चुन्याने टाकून जागेवरच सह्या. ज्याने सही नाकारली, त्याचा तसा शेरा. सही न घेता पुढच्या गटाकडे जायचे नाही, या नियमाने वेळ वाढला, पण नंतर 'आम्ही हजर नव्हतो' अशा तक्रारी फारच थोड्या आल्या.

वेळेची निवडही महत्त्वाची. उभ्या उसात मोजणी होत नाही. दृष्टिरेषा मिळत नाही आणि पानांखाली दगड सापडत नाहीत. तोडणीनंतर, खोडव्याची उगवण वर येण्याआधीची मोकळीक धरली. त्या हंगामात ती हुकली असती, तर वर्ष गेले असते.

तीन याद्या

३१ गटांपैकी १९ गटांत निवाडा आणि ताबा पावती दोन्ही जुळल्या. हे रेल्वेचे. येथे क.जा.प. नव्याने गटांवर तयार करून फेरफार झाले. शेतकऱ्यांना ही बाब कडू होती. पन्नास वर्षे कसलेली जमीन विनामोबदला सुटत होती. त्यांच्यासाठी उभ्या पिकाची नुकसानभरपाई आणि विहीर, झाडे, पाइपलाइन यांचे मूल्यांकन वेगळे करून दिले. काटेकोर कायदा पाहता विहिरीचे पैसे देणे वादाचे होते. ते दिले नसते, तर काम आणखी एक हंगाम अडले असते, हे मात्र नक्की.

७ गटांत निवाडा होता, पण त्यातले क्षेत्र आणि जमिनीवरचा पट्टा जुळत नव्हता. सहा ठिकाणी भराव निवाड्यापेक्षा जास्त जागेवर पसरलेला निघाला. भरावाची माती कडेच्याच खड्ड्यांतून घेतली होती आणि ते खड्डे पुढे रेल्वेच्या नकाशात हद्दीच्या आत धरले गेले होते. जादा क्षेत्राचा मोबदला देण्याचे ठरले.

५ गटांत काहीच सापडले नाही. कसोटीप्रमाणे ते शेतकऱ्यांचे. येथे संपादनाऐवजी वाटाघाटीने थेट खरेदी केली. २०१५ पासून राज्यात रूढ झालेल्या या पद्धतीत २०१३ च्या कायद्याप्रमाणे मोबदला काढतात, म्हणजे बाजारमूल्य गुणिले गुणांक, अधिक झाडे-विहिरी, अधिक १०० टक्के दिलासा रक्कम. आणि त्या एकूण रकमेवर २५ टक्के वाढ. त्यामुळे शेतकरी सहसा तयार होतो.

अडले ते वारसांवर. पन्नास वर्षांत एकेका गटावर वीस-पंचवीस नावे चढलेली. काही ठिकाणी आजोबांच्याच नावावर गट, वारस नोंद नाही. बहिणींची हक्कसोड झाली असे घरात सगळे मानतात, पण नोंदणीकृत दस्त नसतो. थेट खरेदीला प्रत्येक हिस्सेदाराची सही लागते. मंडळ अधिकाऱ्यांनी गावातच वारस नोंदीचे शिबिर घेतले. तरी दोन गटांत घरातला वाद मिटला नाही आणि तेथे सक्तीचे संपादन करून रक्कम जमा ठेवावी लागली.

पाइपलाइनचे वेगळे दुखणे

जमिनीचे सुटत आले तेव्हा ध्यानात आले की, उपसा सिंचन सोसायटीच्या दोन पाइपलाइन भरावाखालून जातात आणि नव्या भरावाच्या पायथ्याशी त्यांचे व्हॉल्व्ह चेंबर आहेत. ते तसेच गाडले, तर पुढे गळती झाली की भराव आतून भिजतो. काळ्या मातीत हे धोक्याचे आहे.

उपाय ठरलेला असतो: पूर्ण रुंदीत बाहेरून मोठ्या व्यासाचे आवरण-नळे, आतली नळी गरज पडल्यास ओढून काढता येईल अशी, आणि व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंना हद्दीबाहेर. प्रश्न पाणी बंद ठेवण्याचा होता. उन्हाळ्यात आठ दिवस पाणी बंद केले, तर ऊस वाळतो. पावसाळ्यात काळ्या मातीत खोदाई उभी राहत नाही. पाऊस ओसरल्यावर आणि पाण्याची पाळी सुरू होण्याआधी हे काम बसवले. आवरण-नळे लागलीच पुढच्या तिसऱ्या एका पाइपलाइनसाठीही घालून ठेवले, कारण भविष्यात चालू दुहेरी मार्गाखालून नळ ढकलणे फार महाग पडते.

निष्पत्ती

रेल्वेच्या ठरलेल्या १९ गटांत भराव आधी सुरू झाला. जुन्या भरावाच्या उताराला पायऱ्या कापून नवी माती थराथराने दाबत नेली. पायऱ्या न कापता नुसती माती टेकवली, तर जुना आणि नवा भराव वेगवेगळा खचतो आणि जोडावर लांब भेग पडते. उरलेले तुकडे नंतर भरले. त्यामुळे सव्वा किलोमीटरच्या काही भागाला भराव बसायला एक पावसाळा मिळाला, काही भागाला मिळाला नाही. न भिजलेल्या तुकड्यांत मार्ग सुरू झाल्यावर खडी पुन्हा पुन्हा ठोकावी लागली आणि काही काळ वेगमर्यादा ठेवावी लागली.

एका गटाचे प्रकरण न्यायालयात गेले. निवाडा होता, पण ताबा पावतीवरचा अंगठा आपल्या वडिलांचा नाही, वडील सही करत, असे म्हणणे होते. तेवढ्या लांबीत अभियंत्यांनी भिंतीचा तिसरा पर्याय वापरला. सव्वा किलोमीटरला न परवडणारी भिंत एका गटापुरती परवडली.

रुळाच्या पलीकडे शेत असलेल्यांची ये-जा हा विषय मात्र नीट सुटला नाही. एकेरी मार्ग ओलांडायची सवय होती. दुहेरी मार्गावर ते जिवावर बेतणारे. जवळचा भुयारी मार्ग दीड किलोमीटरवर आहे, आणि पावसाळ्यात त्यात पाणी साठले की उसाची डबल ट्रॉली जात नाही.

काय वेगळे करता आले असते

'संपादन निरंक' हा शेरा रेल्वेच्या नकाशावरून न लिहिता सातबारा, क.जा.प. आणि निवाडा तिन्ही समोर ठेवून लिहायला हवा होता. ठेका देण्याआधी प्रत्येक गावातले दोन-तीन गट नमुन्यादाखल तपासले असते, तरी ही भेग दिसली असती. ज्या गावांत रुंदीकरण आणि एकत्रीकरण एकाच दशकात झाले, ती गावे आधीच वेगळी काढता येतात. एकत्रीकरणाच्या तारखा भूमी अभिलेखकडे असतात.

सोसायटीच्या पाइपलाइनची माहिती पहिल्याच बैठकीत मिळाली असती, पण बैठकीला खातेदार बोलावले होते, सोसायटीचा सचिव नव्हता.

विहिरीच्या भरपाईवर मतभेद आहेत. काहींच्या मते त्यामुळे शेजारच्या गावांनी तीच अपेक्षा धरली आणि पुढचे काम महागले. हे खरे आहे. तरीही येथे दुसरा मार्ग दिसत नाही, फक्त ती भरपाई कोणत्या शीर्षाखाली आणि का दिली हे इतिवृत्तात जास्त स्पष्ट लिहायला हवे होते.

थेट खरेदीच्या गटांचे फेरफार खरेदी झाली त्याच महिन्यात ओढले गेले आहेत. राहिली आहे ती जुनी मीटरगेजची पट्टी. गावठाणालगतच्या त्या जमिनीवर रूळ नाही, पण अभिलेखात ती आजही रेल्वेची आहे, आणि गाव ती ऊस वाहतुकीचा रस्ता म्हणून वापरते. ती रस्त्यासाठी मिळावी असा ग्रामपंचायतीचा ठराव झाला आहे. त्यासाठी लागणारा मोजणी नकाशा याच संयुक्त मोजणीत काढता आला असता. त्या वेळी तो कोणी मागितला नाही, आणि आता त्याची वेगळी मोजणी लावावी लागणार आहे.